गिल्डहॉलचा चौक आणि त्याखालचा भराव

लंडनच्या 'सिटी' या जुन्या व्यापारी भागात, बँक ऑफ इंग्लंडपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर, गिल्डहॉल यार्ड नावाचा एक फरसबंद चौक आहे. उत्तरेला गिल्डहॉलची दगडी दर्शनी बाजू, पूर्वेला कलादालनाची नवी इमारत, दक्षिणेकडे सेंट लॉरेन्स ज्यूरी हे पांढऱ्या दगडाचे चर्च, आणि मधे मोकळे आकाश. दुपारी आसपासच्या पेढ्यांतील कर्मचारी येथे डबा घेऊन बसतात. पर्यटकांच्या बसगाड्या येथे थांबत नाहीत. चौकाच्या फरशीत काळसर दगडाची एक रेघ बसवलेली आहे. ती सरळ जात नाही, मोठे वळण घेत एका इमारतीखाली शिरते आणि दुसरीकडून बाहेर पडते. सुमारे ८० मीटर रुंदीचे हे वळण पायाखाली घेऊन रोज शेकडो माणसे जातात. खाली, जमिनीच्या पोटात, रोमनांचे रिंगण आहे आणि त्याची हद्द वरच्या फरशीवर आखून ठेवलेली आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.

रोमन रिंगण पाहायला इटलीत किंवा दक्षिण फ्रान्समध्ये जावे. तेथील अवशेष कितीतरी भव्य आहेत. गिल्डहॉलच्या चौकाचे महत्त्व वेगळे आहे. येथे रिंगण आणि आजची फरशी यांच्यामध्ये जवळजवळ दोन हजार वर्षांची माती साचली आहे, आणि ती माती थराथराने उलगडून, प्रत्येक थराची नोंद करून वाचली गेली आहे. रिकाम्या जागेत माती कशी येते, कोण टाकतो, कधी टाकतो आणि तिच्यावरून काय सिद्ध होते व काय होत नाही, या प्रश्नांचा अभ्यास करायला मध्ययुगीन चौकांत यासारखे स्थळ क्वचितच मिळेल.

गिल्ड म्हणजे आपल्याकडील प्राचीन 'श्रेणी'. एका धंद्यातील व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा संघ. कापडवाले, सराफ, मासळीवाले, किराणा माल विकणारे, अशा श्रेणींनी मिळून लंडनचा कारभार चालवला, आणि त्या कारभाराचे घर म्हणजे गिल्डहॉल. कागदोपत्री त्याचा पहिला उल्लेख ११२८ सालचा मिळतो. आज उभे असलेले सभागृह १४११ मध्ये सुरू झाले आणि १४४० च्या सुमारास पूर्ण झाले. जॉन क्रॉक्स्टन हा त्याचा मुख्य गवंडी. १६६६ च्या महाअग्नीत त्याचे छप्पर गेले, २९ डिसेंबर १९४० च्या हवाई हल्ल्यात पुन्हा गेले. भिंती दोन्ही वेळा उभ्या राहिल्या. नगराचा महापौर निवडण्यासाठी या श्रेणींचे सभासद आजही याच सभागृहात जमतात.

व्यापारी वाचकाला सभागृहापेक्षा चौकाची पूर्व बाजू अधिक जवळची वाटावी. तेथे ब्लॅकवेल हॉल होता. १३९६ च्या सुमारास नगराने ही वास्तू घेतली आणि तेथे लोकरी कापडाचा बाजार भरवला. नियम कडक होता. लंडनबाहेरून येणाऱ्या विणकर-व्यापाऱ्याने आपले तागे परस्पर कोणाच्या दुकानी उतरवायचे नाहीत. ते येथेच आणायचे, येथेच उघडायचे, ठरावीक दिवशी येथेच विकायचे आणि जागेची पट्टी भरायची. कापडाची लांबी-रुंदी तपासण्यासाठी राजाचे अधिकारी असत. माप बरोबर भरले की ताग्याला शिशाचा छोटा शिक्का लावला जाई. असे शिक्के लंडनच्या मातीत व थेम्सच्या गाळात सापडत राहतात. पुढे सोळाव्या शतकात या बाजाराची पट्टी ख्राइस्ट्स हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेच्या खर्चासाठी लावून दिली गेली. बाजाराच्या उत्पन्नातून धर्मादाय चालवण्याची ही रीत आपल्या पेठांनाही अपरिचित नाही.

मराठी कागदपत्रांत ज्याला 'बनात' म्हणतात, ते हेच जाड लोकरी कापड. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या जहाजांसाठी ते ब्लॅकवेल हॉलच्या अडत्यांकडून मोठ्या प्रमाणात उचलत असे आणि सुरतेच्या वखारीत उतरवत असे. उष्ण देशात लोकर किती खपणार, ही चिंता कंपनीच्या कारभाऱ्यांना सतत असे. सुरतेत त्यांना वेळोवेळी कर्ज देणारे आणि त्यांचा आयात माल उचलणारे सर्वांत मोठे सावकार होते जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा. लंडनच्या या चौकातून निघालेला धागा असा सतराव्या शतकात सुरतेच्या पेढीपर्यंत पोहोचलेला होता. ब्लॅकवेल हॉल १८२० मध्ये पाडला गेला. आता त्या बाजूला कलादालन आहे, आणि जमिनीखालची कथा त्या कलादालनामुळेच उघडकीस आली.

जुने कलादालन १९४१ च्या बाँबवर्षावात जळाले होते. त्या जागी नवे बांधायचे ठरले तेव्हा, पाया खणण्यापूर्वी, म्युझियम ऑफ लंडनच्या पुरातत्त्वज्ञांना जागा तपासू द्यावी असे ठरले. काम १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. अपेक्षा होती ती मध्ययुगीन वस्तीची. १९८८ मध्ये खोल खणलेल्या चरांत रोमन भिंतींचे तुकडे लागले, आणि त्या भिंती सरळ नव्हत्या. वेगवेगळ्या चरांतील वळणे एकाच नकाशावर मांडली तेव्हा ती एका लंबवर्तुळाचे भाग निघाली. लंडनमध्ये रोमनांचे रिंगण असलेच पाहिजे, असे अभ्यासक कित्येक वर्षे म्हणत होते. ते कुठे आहे याचे तर्क लढवले जात होते. ते नगराच्या स्वतःच्या अंगणात निघाले.

रिंगणाचा इतिहास थोडक्यात असा. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये बौडिका राणीच्या उठावात लंडन जळून खाक झाले. त्यानंतर, इ.स. ७० च्या सुमारास, लाकडी रिंगण उभे राहिले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याच्या काही भागांना दगड-विटांचे रूप मिळाले. सुमारे ६,००० माणसे बसतील एवढी त्याची क्षमता असावी. तेथे जे चाले ते पशूंचे व माणसांचे प्राण घेणारे खेळ होते. त्याचे वर्णन येथे नको. चौथ्या शतकात ते ओस पडले, त्याचे दगड लोकांनी काढून नेले, आणि उरली ती मधे खोलगट व कडेला उंच अशी, मोठ्या परातीसारखी जमीन. भरावाची गोष्ट या परातीपासून सुरू होते.

शहराची जमीन उंच का होते, असा प्रश्न पाहुण्याच्या मनात येतोच. रोमन काळाची पातळी आज चौकाच्या कित्येक मीटर खाली कशी गेली? उत्तर साधे आहे. माणसे शहरात वस्तू आणतात, पण तेवढ्या बाहेर नेत नाहीत. घर पडले की त्याचा राडारोडा पसरून त्यावरच नवे घर उभे राहते. चिखल झाला की त्यावर मुरूम टाकला जातो. चुलीची राख, गोठ्यातील शेण-गवत, फुटकी भांडी, गवंड्याचा चुना हे सारे जवळच्या खड्ड्यात जाते. सांडपाण्याची आणि कचरा वाहून नेण्याची नवी व्यवस्था येण्यापूर्वी प्रत्येक गाव असेच वर चढत होते. आपल्याकडील पांढरीची टेकाडे याच रीतीने बनली.

मात्र असा भराव खणणे हे विहीर खणण्यासारखे काम नाही. लंडनच्या पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात त्यासाठी एक शिस्त घालून घेतली. १९७३ मध्ये एडवर्ड हॅरिस या अभ्यासकाने थरांचे परस्परसंबंध चौकोनांच्या उतरंडीने दाखवण्याची पद्धत बसवली. कोणता थर कोणाच्या वर, कोणाच्या खाली, कोण कोणाला कापतो हे त्या उतरंडीत एका नजरेत दिसते. लंडनमध्ये तिला जोड मिळाली ती 'एक घटना, एक नोंद' या नियमाची. माती टाकणे ही एक घटना. तिला एक क्रमांक, एक कागद, एक नकाशा. फरशी घालणे ही दुसरी. गंमत अशी की खड्डा खणणे हीदेखील स्वतंत्र घटना मानतात. खड्डा म्हणजे पोकळी. तिला ना वजन ना रंग. तरी तिला स्वतःचा क्रमांक मिळतो, आणि ती पोकळी भरणाऱ्या मातीला वेगळा. एकाच खड्ड्यात पाच वेळा पाच प्रकारची माती पडली असेल, तर पाच क्रमांक. ज्याने कीर्द-खतावणी लिहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पैसे देणे आणि पैसे घेणे या दोन बाजू आहेत, त्या एकाच ओळीत कोंबल्या की हिशेब बिघडतो. फरक एवढाच की वही पुन्हा उघडता येते. थर एकदा खणला की नाहीसा होतो, मागे राहतो तो कागद.

खणण्याचा क्रम काळाच्या उलट चालतो. सर्वांत शेवटी टाकलेले सर्वांत आधी निघते. कुदळीपेक्षा करणी आणि ब्रश अधिक चालतात. प्रत्येक थराचा रंग, घट्टपणा, त्यातील कोळशाचे, चुन्याचे, विटांच्या चुऱ्याचे प्रमाण लिहून ठेवतात. मातीचे नमुने चाळून त्यांतून बिया, माशांचे काटे, किड्यांचे कवच वेगळे काढतात. संडासाच्या खड्ड्यांतील मातीत तर सूक्ष्मदर्शकाखाली आतड्यातील कृमींची अंडीही दिसतात. राजांच्या बखरीत न येणारे बरेच काही अशा खड्ड्यांत असते.

भराव वाचताना पहिला प्रश्न असतो तो हळू की एकदम हा. कागदाच्या घडीसारखे पातळ थर एकावर एक असतील, प्रत्येक तुडवून घट्ट झालेला असेल, तर तो रोजच्या वापराचा साठा. माणसे राहत होती, जमीन झाडत होती, पुन्हा मळत होती. उलट ढेकळे, खडू, विटा, हाडे असे सारे एकत्र कालवलेले, सैल, आणि एका बाजूला उतार असलेले असेल, तर कोणीतरी ते पाटीने किंवा गाड्याने आणून ओतले. उतार कुठल्या दिशेला आहे यावरून ओतणारा कोठे उभा होता हेही कळते. तिसरा प्रकार पाण्याने आणलेल्या गाळाचा. बारीक, एकसारखा, आवाज न करता बसलेला.

दुसरा प्रश्न काळाचा, आणि येथेच अनेक जण फसतात. समजा, चौकातील एका खड्ड्याच्या भरावात रोमन नाणे सापडले. नाण्यावर सम्राटाचे नाव आहे, त्यामुळे काळ निश्चित. पण त्याच मातीत तंबाखू ओढण्याच्या मातीच्या चिलमीची नळी निघाली. इंग्लंडात तंबाखू आली सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आता नाणे कितीही देखणे असो, तो भराव त्यापूर्वीचा असू शकत नाही. खड्डा खणणाऱ्याने खालचा रोमन थर उकरला, नाणे त्या मातीसह वर आले आणि पुन्हा खाली गेले. भरावाचा काळ ठरवते ती त्यातील सर्वांत नवी वस्तू, सर्वांत मौल्यवान वस्तू नव्हे. शिवाय त्या नव्या वस्तूनेही एवढेच कळते की भराव तिच्यानंतर कधीतरी पडला. किती नंतर, ते वरचा थर सांगतो, तोही सांगेलच असे नाही. उंदराच्या बिळातून, झाडाच्या मुळांवाटे एखादी नवी वस्तू खाली घसरलेली असू शकते. म्हणून एकट्या वस्तूवर कोणी शहाणा अभ्यासक निकाल देत नाही.

या सावधगिरीचे सर्वांत मोठे फळ लंडनला मिळाले ते एका काळ्या मातीच्या बाबतीत. जुन्या तटबंदीच्या आत अनेक ठिकाणी रोमन थरांच्या वर आणि मध्ययुगीन थरांच्या खाली एक जाड, काळपट, एकसारखा थर लागतो. त्यात ना फरशी, ना भिंत, ना चूल. इंग्रज अभ्यासक त्याला नुसते 'काळी माती' म्हणतात. आरंभी त्याचा अर्थ सरळ लावला गेला. रोमन गेले, शहर ओस पडले, लोकांनी भाजीपाला लावण्यासाठी बाहेरून माती आणून पसरली. कित्येक ठिकाणी तर उत्खनन करणारे घाईत तो थर यंत्राने काढून टाकीत, कारण त्यात वाचण्यासारखे काही नाही असे वाटे.

नंतर त्या मातीचे पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. तेव्हा दिसले की ही बाहेरून आणलेली बागेची माती नव्हे. तिचा मोठा भाग म्हणजे कुजलेल्या मातीच्या भिंती, गवती छपरे, लाकूड, राख आणि घरातील केर. म्हणजे घरे होती. ती दगडाची नव्हती, म्हणून पडल्यावर ढिगारा उरला नाही. गांडुळांनी आणि मुळांनी शतकानुशतके ती माती वरखाली केली आणि सगळ्या खुणा एकजीव करून टाकल्या. गांडुळे जड वस्तूंना हळूहळू खाली नेतात हे चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये आपल्या अखेरच्या ग्रंथात दाखवलेच होते, आणि त्यासाठी त्याने रोमन अवशेषही तपासले होते. शंभर वर्षांनी त्याचा उपयोग असा झाला.

याचा अर्थ तटबंदीच्या आत रोमनांनंतर लगेच सारे गजबजलेले होते असाही नाही. पाचव्या शतकानंतर बराच काळ तेथे वस्ती विरळच होती. सातव्या-आठव्या शतकांतील बंदर-पेठ तटबंदीबाहेर, पश्चिमेला, आजच्या स्ट्रँड आणि कॉव्हेंट गार्डनच्या परिसरात होती. हे १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. आल्फ्रेड राजाने ८८६ मध्ये जुनी तटबंदी पुन्हा वापरात आणल्यावर माणसे हळूहळू आत परतली. काळ्या मातीचा खरा धडा सूक्ष्म आहे. तिचा खालचा भाग रोमन शहराचा शेवट सांगतो, वरचा भाग ओसाडीचा आणि पुनरागमनाचा. दोन्ही रंगाने एकच. एका रंगाला एक अर्थ देऊन टाकला असता, तर कित्येक पिढ्यांचे जगणे 'येथे काही घडले नाही' या एका वाक्यात बुडाले असते.

गिल्डहॉलच्या परातीत पुन्हा वस्ती झाली ती अकराव्या शतकाच्या आरंभी. खोलगट जमिनीमुळे येथे पाणी मुरत राही आणि ओल कायम असे. राहणाऱ्यांना ते त्रासाचे झाले असणार. संशोधकांना मात्र वरदान ठरले. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत लाकूड कुजत नाही. त्यामुळे कुडाच्या भिंतींचे खालचे भाग, कुंपणांच्या काठ्या, दारांचे उंबरे, गोठ्यांत अंथरलेले गवत आणि शेण असे सारे जागच्या जागी मिळाले. कोकणातील किंवा मावळातील जुने कुडाचे घर ज्याने पाहिले आहे, त्याला त्या भिंतींची वीण लगेच ओळखू येईल. पुढे ज्या भूमीवर नगराचे महापौर मिरवले, तेथे त्या काळात गुरे बांधली जात होती. घर पडले की त्यावर माती पसरून दुसरे, असे एकावर एक मजले चढत गेले, आणि जमीन भरून वर आली.

मग नगराचे सभागृह नेमके येथेच का? या प्रश्नाला मातीने दिलेले उत्तर मोहक आहे. चौकाच्या प्रवेशद्वाराशी झालेल्या उत्खननात तेराव्या शतकातील मोठ्या वेशीच्या इमारतीचे अवशेष लागले, आणि ती वेस रोमन रिंगणाच्या दक्षिण दरवाजाच्या थेट वर बांधलेली निघाली. शेजारचे सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्च आसपासच्या रेषांना न जुळणारे, थोडे तिरके उभे आहे. ते तिरकेपण खालच्या लंबवर्तुळाच्या वळणाला धरून असावे, असे सुचवले गेले आहे. एक हजार वर्षांनंतरही कडेचे उंचवटे दिसत असतील, लोक त्या खोलगट जागेत सभेसाठी जमत असतील आणि त्यातूनच सभागृहाची जागा ठरली असेल. असेल. पुरातत्त्वज्ञ येथे 'शक्यता' हाच शब्द वापरतात, आणि तो संयम योग्य आहे. वेस दरवाजावर आहे ही मोजून घेतलेली वस्तुस्थिती. लोक का जमले, हे मोजता येत नाही.

चर्चच्या नावातील 'ज्यूरी' हा शब्द बहुतेक पाहुणे वाचून पुढे जातात. तो ज्यू वस्तीचा शब्द आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत या चौकाच्या दक्षिणेच्या गल्ल्यांत लंडनचे ज्यू व्यापारी आणि सावकार राहत होते. जमीन धारण करणे आणि श्रेणींत प्रवेश मिळवणे त्यांना जवळजवळ बंद होते. व्याजाचा धंदा ख्रिश्चनांना निषिद्ध असल्यामुळे राजांनी तो त्यांच्याकडे ठेवला, त्यावर जबर कर बसवले, आणि १२७५ मध्ये तोही कायद्याने बंद केला. १२९० मध्ये पहिल्या एडवर्डने सर्व ज्यूंना इंग्लंडबाहेर काढले. घरे राजाकडे गेली. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ, सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, त्यांना उघडपणे परतता आले नाही.

त्यांचे काय उरले? कागदांत कर्जाच्या नोंदी आहेत, पण त्या बहुतांशी राजाच्या दप्तरातील, म्हणजे वसुली करणाऱ्याच्या हातच्या. त्या लोकांचे स्वतःचे जगणे मातीने थोडे राखून ठेवले. २००१ मध्ये चौकापासून जवळच, मिल्क स्ट्रीटवर, तेराव्या शतकातील एक लहान दगडी कुंड सापडले. त्यात उतरायला घडीव दगडाच्या पायऱ्या. ते शुद्धीच्या स्नानाचे, ज्यू परंपरेतील 'मिकवे' होते, आणि त्या भूखंडावर क्रेस्पिन या सधन ज्यू कुटुंबाचे घर होते हे कागदांवरून जुळले. असे कुंड उघडे पडले नसते, तर त्या गल्लीत एक घर होते, त्यात धर्माचार पाळणारे एक कुटुंब होते, एवढे तरी कोणी म्हटले असते का? कर्जाच्या नोंदीतून केवळ सावकार दिसला असता. कुंडाचे दगड सोडवून ते पुन्हा जोडण्यात आले आणि लंडनच्या ज्यू संग्रहालयात मांडण्यात आले.

रिंगण सापडल्यावर गिल्डहॉलच्या बांधकामापुढे पेच उभा राहिला. मध्य लंडनमधील जागेचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. कलादालनाचा आराखडा तयार होता. अवशेषांना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला आणि आराखडा बदलावा लागला. वर इमारत आणि खाली, खांबांना जागा काढून, अवशेष जिथल्या तिथे, असा मार्ग निघाला. कलादालन १९९९ मध्ये उघडले, खालचे रिंगण २००२ पासून लोकांना पाहता येऊ लागले. खर्च आणि विलंब दोन्ही वाढले. मालक मात्र ही व्यापाऱ्यांची नगरपालिकाच होती, आणि तिने ते सोसले.

या पद्धतीचा महाराष्ट्राशीही धागा आहे. थरांनुसार खणण्याची शिस्त भारतात रुजवणारे सर मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख म्हणून येण्यापूर्वी लंडन म्युझियमचे प्रमुख होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया लंडनमध्ये शिकत असताना व्हीलरांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात शिकाऊ म्हणून राबले होते. परतल्यावर १९४५-४६ मध्ये त्यांनी मो. गं. दीक्षित यांच्यासह कोल्हापुरात, पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खनन केले. तेथेही एकाच टेकाडात सातवाहनकालीन वस्ती खाली आणि मध्ययुगीन वस्ती तिच्यावर अशी चढण निघाली. लंडनच्या उत्खननांतील वस्तू आणि नोंदी ज्या इमारतीत ठेवल्या गेल्या, तिला व्हीलरांचेच नाव आहे. तेथील खोक्यांत चौकांतील हजारो थरांचे कागद आहेत. माती गेली, कागद आहेत, आणि नवा प्रश्न सुचला की नवा अभ्यासक ते पुन्हा मागवतो.

चौकाला भेट देणाऱ्याने कलादालनातून खाली उतरावे. अंधाऱ्या दालनात पूर्वेकडील दरवाजाच्या दगडी भिंतींचे खालचे भाग दिसतात. उरलेले रिंगण हिरव्या प्रकाशरेषांनी भिंतीवर काढलेले आहे. ते पाहून मुले हरखतात. त्यात फार वेळ घालवू नये. जमिनीत काचेखाली रोमन काळातील लाकडी गटार आहे, तेथे थांबावे. रिंगणातील पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी ते बांधले होते. ओलीमुळे त्याच्या फळ्या अजून शाबूत आहेत. गटाराच्या मधे एक चौकोनी लाकडी पेटी आहे. वाहत्या पाण्यातील गाळ तिच्यात खाली बसावा आणि पाणी पुढे जावे, अशी तिची योजना. ती अधूनमधून उपसावी लागत असे. उपसणारा गेला, पेटी भरली, गटार तुंबले, आणि त्यावर पहिला थर बसला.